नंबर तोंडपाठ कोणाला आहे

जानीबाईने तंबाखूच्या डबीतून सिमकार्ड काढून काउंटरवर ठेवलं. “बाय, यात पैसे भर. पोऱ्याशी बोलायचाय.”

पैसे भरण्याआधी मी सिम फोनमध्ये घालून पाहिलं. चालू होईना. मग ते काढून ठेवलं आणि माझ्या फोनवरून तिचा नंबर लावून पाहिला. सिम माझ्यासमोर काउंटरवर पडलेलं आणि पलीकडे रिंग जात होती. काय झालं ते मला तेव्हाच कळलं.

मोखाड्यात माझं मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. या धंद्यातला एक नियम सांगते. प्रीपेड नंबरची व्हॅलिडिटी, म्हणजे मुदत, संपली की आधी आपला फोन जायचा बंद होतो. मग येणारा बंद होतो. तीनेक महिने काहीच भरलं नाही, तर कंपनी नंबर काढून घेते. काही महिने तो पडून राहतो आणि मग दुसऱ्या कोणाला तरी नवा म्हणून दिला जातो.

जानीबाई सूर्यमाळजवळच्या पाड्यावरची. तिथे टेकाडावर चढलं तर रेंजची एक काडी येते. फोन बटणांचा. मागच्या पावसाळ्यात तिने विचारलं होतं, “नेट नको. फोन येण्यापुरता स्वस्तातला नाय का?” नव्हता. महिन्याच्या पॅकमध्ये रोजचं नेट होतं, जे तिच्या फोनवर उघडतसुद्धा नाही. आणि महिना अठ्ठावीस दिवसांचा. बिननेटचा पॅक होता, पण तो एकदम तीन महिन्यांचा घ्यायचा. तिचा मुलगा सुरेश तेव्हा गुजरातला मासेमारीच्या बोटीवर निघाला होता. मीच म्हणाले, “तो समुद्रात, तू रेंजबाहेर. कशाला पैसे घालवतेस? दिवाळीला भर.”

दिवाळी झाली तशी मुकादमाची गाडी आली आणि जानीबाई पैसे न भरताच थेट भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली. शिमग्याला परत आली. पाड्यावरची बाकीची पोरं आली होती. सुरेश आला नव्हता.

तर आता पलीकडे वाजणारा तो फोन एका मुलीने उचलला. कोल्हापूरला कॉलेजात शिकते म्हणाली. नंबर तिला जानेवारीत मिळाला होता.

“एक माणूस सारखा फोन करायचा,” ती म्हणाली. “आय कुठंय, विचारायचा. राँग नंबर सांगितलं तरी परत करायचा. शेवटी ब्लॉक केला.”

“ब्लॉक लिस्ट उघड. नंबर असेल.”

होता. मी लावला आणि स्पीकरवर टाकला. एका खलाशाने उचलला.

“सुरेश? मेरे ही फोन से करता था. वो तो गया. बोला, घर का नंबर अब कोई लड़की उठाती है, माँ नहीं रही होगी. होली पे किसके लिए जाऊँ. दूसरी बोट पकड़ ली.”

“कौन सी?”

“पता नहीं, दीदी.”

भट्टीवर राहून जानीबाईला हिंदी कळतं. “मी तं जित्ती हाय,” ती फोनकडे बघून म्हणाली. तोवर तो कट झाला होता.

मी कस्टमर केअरला फोन केला. बराच वेळ गाणं वाजलं. मग एक जण म्हणाला, “मॅडम, नंबर नियमानुसारच दिलेला आहे.” नियम मला माहीत होता. जानीबाईला तो मी सांगितला नव्हता.

तिला नवीन सिम दिलं. तिने ते हातात धरून विचारलं, “ह्यो नंबर त्याला कोण सांगल? त्याला तं जुनाच पाठ हाय.”

कोल्हापूरच्या मुलीने ब्लॉक काढला. जानीबाईचा नवा नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलाय, फोन आला की सांगेन म्हणते. मी तिला मधूनमधून विचारते. अजून फोन आलेला नाही. जानीबाई बाजारच्या दिवशी येते, फोन काउंटरवर ठेवते आणि चालू आहे का ते बघायला सांगते. चालू असतो.

सिम काही महिने बंद ठेवलं तर चालेल का, असं आजही कोणी ना कोणी विचारतं. मी पॅकचे दर नंतर सांगते. आधी विचारते, हा नंबर तोंडपाठ कोणाला आहे.