मतमाउलीचं तोंड

“ही तर आमच्या वस्तीवर खुरपायला येणारी बाई! हिच्यापुढं हात जोडायचे व्हय आमी?”

मठाच्या शाळेच्या कमिटीवरचे बागाईतदार मी काढलेलं मतमाउलीचं, ख्रिस्ताच्या आईचं, चित्र बघून हसले. हसताना कपबशी हलली, चहा कागदावर सांडला. तो पुसायलाही मलाच सांगितलं. मी पदरानं पुसला.

मठाच्या मदर हसल्या नाहीत. म्हणाल्या, “मतमाउलीला असलं काळं, ओबडधोबड तोंड? झाक ते.”

ती बाई माझी आई होती. बागाईतदारांना ठाऊक नसेल, मदरना पक्कं ठाऊक होतं.

बहात्तरचा दुष्काळ. श्रीरामपूरजवळच्या त्या मठात मी सिस्टर व्हायला आले होते. नाताळनंतर मी त्यासाठीची व्रतं घेणार होते. मठानंच मला नगरच्या एका छापखान्यात पाठवून, चौकटीला ताणलेल्या रेशमी कापडातून चित्रं छापायला शिकवलं होतं. मला देवाचीच चित्रं छापायची होती, पण कॅलेंडरावरची गुलाबी गालांची नव्हे. सिनेमाच्या पोस्टरासारखी भडक, रस्त्यावरून दिसणारी. बिस्किटाच्या पुड्यावरचे लाल-पिवळे रंग, मदतीच्या गव्हाच्या पोत्यांवरची ठोकळी अक्षरं, सगळं मी देवाच्या कामाला लावलं. त्या नाताळला मतमाउलीला खडीच्या ढिगावर बसवलं. मांडीवर बाळ, हातात हातोडी. वर लिहिलं, ‘जागा भरली. उद्या या.’ दुष्काळी कामावरचा मुकादम बायांना रोज हेच सांगायचा.

आई तिथंच खडी फोडायची. एका रविवारी शेजारणीचं तान्हं घेऊन ती माझ्यासमोर बसली. “नुस्तं बसायची सवय न्हाई गं,” म्हणत सारखी हलत होती. आजोबांच्या वेळी आमचं घर ख्रिस्ती झालं. आम्ही देव बदलला, गावानं महारवाडा म्हणायचं काही सोडलं नाही. मला वाटायचं, निदान मठात तरी तसं नसेल. खुळीच होते मी.

“व्रतं घ्यायचीत ना?” मदर म्हणाल्या. “मग आधी आज्ञा पाळायला शीक.”

शिकले. सांगायला लाज वाटते, पण शिकले. या छपाईत प्रत्येक रंगाची चौकट वेगळी. कापडावर जिथं सरस फासाल तिथून शाई उतरत नाही, कागद कोरा राहतो. आईचं तोंड, हात आणि खडी, सगळं एकाच तपकिरी चौकटीत होतं. मी सरसाचा ब्रश घेतला. आधी डोळे बुजवले. मग नाक. मग ओठ. चाळीस कागद छापले. तपकिरी हात, आणि मानेच्या वर पांढरा डाग.

नाताळच्या सकाळी चर्चमधली मिस्सा संपल्यावर आई वस्तीतल्या बायांबरोबर शाळेच्या व्हरांड्यात चित्रं बघायला आली. तिला वाचता येत नव्हतं. चित्रासमोर उभी राहून तिनं त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं.

“माजं त्वांड कुटं गेलं गं?”

“मोठ्या माणसांना आवडलं नाही, आई.”

तिनं बोट खाली चित्रातल्या हातांवर आणलं. मग म्हणाली, “मंग हात कशापायी ठिवले? खडी फोडाया?”

तिनं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मला रडू आलं नाही. राग आला. आधी स्वतःचा, मग सगळ्यांचा. स्वयंपाकघरातून गरम पाणी आणलं, चौकटीतली तोंडाची जागा तेवढी धुतली, तिथला सरस खरवडून काढला, चौकट उन्हात वाळवली. भिंतीवरचे कागद उतरवले आणि त्यांच्यावरच पुन्हा तपकिरी रंग ओढायला बसले. तिथंच व्हरांड्यात, सगळ्यांच्या देखत. एकेका कागदावर आई परत येत होती.

मदर धावत आल्या. “थांब! नाहीतर व्रतं विसर.”

“विसरले,” मी म्हणाले आणि पुढचा कागद घेतला.

त्याच दिवशी चित्रं उचलली आणि मठ सोडला. चौकटी मठाच्या होत्या, त्या ठेवल्या. देव नाही ठेवला. तो काही त्यांनी विकत घेतलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी एक चित्र मुकादमाच्या तंबूवर चिकटवलं. त्यानं फाडलं. मी दुसरं चिकटवलं.

आजही मी देवाचीच चित्रं छापते. त्यांत खुरपणाऱ्या, खडी फोडणाऱ्या, शेण काढणाऱ्या बाया असतात. अजूनही कुणीतरी येतं आणि गोड बोलून सांगतं, तोंड तेवढं उजळ करा. त्याला मी दारातूनच परत पाठवते. एकदा माझ्या हातानं माझ्या आईचं तोंड पुसलं. आता फादर सांगू देत, बागाईतदार सांगू देत, उपाशी मरायची पाळी येऊ दे. पुन्हा नाही.