बोर्डावरचा लाल चौकोन

आमच्या बडोद्यात तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. काम होणार असो वा नसो, माणूस हसून म्हणतो, ‘थई जशे.’ होऊन जाईल! मी दांडिया बाजारातल्या मराठी घरात वाढले, तिथे ‘जमणार नाही’ दिवसातून दहादा ऐकू यायचं. पण सॉफ्टवेअर कंपनीत टीम सांभाळता सांभाळता मीही ‘थई जशे’वाली झाले. त्याचा मला अजून राग येतो.

आम्ही केमिकल कारखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहितो. टाकीतला दाब वाढला की कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजला पाहिजे, एवढं साधं काम. एका कारखान्याच्या साहेबांनी फोनवर विचारलं, “बेन, प्रोग्रॅम येत्या सोमवारी मिळेल ना?” टीममधल्या कुणालाही न विचारता मी म्हणाले, “थई जशे.”

झालं! मग सगळ्यांची धावपळ. टेस्टिंग करणारी मुलगी मांजलपूरहून दुचाकीवर यायची. नोकरीला जेमतेम आठ महिने झालेले, कायम व्हायची होती. शुक्रवारी तिला सापडलं, की एका टाकीचा अलार्म बंद करायचं बटण दाबलं की शेजारच्या टाकीचाही अलार्म गप्प बसतो. आमच्याकडे भिंतीवर बोर्ड आहे, त्यावर प्रत्येक कामापुढे रंगीत चौकोन चिकटवतात: हिरवा म्हणजे झालं, लाल म्हणजे अडलं. तिने त्या कामाचा हिरवा चौकोन काढून लाल लावला, मला येऊन सांगितलं आणि जागेवर जाऊन बसली.

तासाभरात डायरेक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“सोमवारी कारखान्याची पार्टी येतेय, बेन. लालचा हिरवा करा. नंतर गुपचूप दुरुस्त करू.”

“नाही करणार.”

“मग उशीर कुणामुळे झाला ते लिहून द्या. टेस्टिंग वेळेवर झालं नाही, असंच लिहा ना. ती मुलगी कुठे अजून कायम आहे? सोडून देऊ तिला.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वा रे न्याय! चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि यातली चोर मीच. त्या टेस्टिंगला चार दिवस लागतात हे मला ठाऊक होतं, तरी मी तिला दीड दिवस दिला होता. त्या दीड दिवसात तिने जे शोधलं, त्याबद्दल तिला पेढे द्यायचे की घरी पाठवायचं?

“लिहून देते,” म्हणाले. उभ्या उभ्या कागदावर खरडलं: तारीख मी दिली, टीमला विचारलं नाही, चूक माझी. खाली सही ठोकली.

“हे तुमच्या रिपोर्टात जाईल हं, बेन.”

“जाऊ दे. पण लाल तो लालच राहील. कुणी हात तर लावून बघा.”

बाहेर आले आणि आधी बोर्डावर लाल चौकोन जागेवर आहे ना ते बघितलं.

सोमवारी डायरेक्टरांनी खुर्च्या अशा मांडल्या होत्या, की पाहुण्यांची पाठ बोर्डाकडे यावी. मी कारखान्याच्या साहेबांना म्हटलं, “साहेब, जरा या बाजूला तोंड करून बसा.” आणि तो लाल चौकोन दाखवून सगळं सांगितलं. फोनवर हो कशाला म्हणालात, म्हणून त्यांनी सगळ्या टीमसमोर मला झाप झाप झापलं. मी ऐकून घेतलं. त्यांचं काय चुकलं? कंट्रोल रूममध्ये त्यांची माणसं बसणार होती. मग त्यांनी त्या मुलीला विचारलं, “दुरुस्ती, टेस्टिंग सगळं धरून किती दिवस लागतील?” ती म्हणाली, “दहा.” ते म्हणाले, “दहा घ्या.”

मुलगी कायम झाली. माझी बढती गेली, आणि ती आजतागायत गेलेलीच आहे. गेली उडत!

परवा मीटिंगमध्ये दुसऱ्या एका कारखान्याचा फोन स्पीकरवर होता. शनिवारपर्यंत द्याल का, त्यांनी विचारलं. जित्याची खोड, माझ्या तोंडून निघालंच, “थई जशे.” टेबलाच्या त्या टोकावरून त्याच टेस्टिंगवाल्या मुलीचा आवाज आला, सगळ्यांच्या देखत: “नहीं थाय, बेन.” नाही होणार.

मला राग आला. खरंच आला, माझ्याच टीमसमोर मला अडवते म्हणून. घोटभर पाणी प्यायले आणि फोनकडे तोंड करून म्हणाले, “ऐकलंत ना? नहीं थाय.”