रजनीवहिनीचं सोनेरी दार

शेवटच्या भेटीत रजनीवहिनीनं औषधाचा विषय काढला नाही, दुखतंय असंही म्हणाली नाही. डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं होतं आणि त्याचा अर्थ आम्हा दोघींनाही कळला होता. धामणकर नाक्याजवळच्या माझ्या माहेरच्या घरात भिंतीला उशी लावून ती बसली होती. मध्येच म्हणाली, "ताई, त्या गेमातल्या शेवटच्या दारामागं काय असंल वो?" आता तिला जाऊन दीड महिना होत आला, पण मी अजून त्या प्रश्नापाशीच आहे.

ती माझी भावजय. जवळच्या पूर्ण्याहून लग्न होऊन आली तेव्हा त्या गावात गोदामं नव्हती, भातशेती होती. लग्नानंतर थोड्याच दिवसांत दादानं घरी टीव्ही गेम आणला. आजच्या पोरांना सांगून पटायचं नाही, पण तेव्हा ते खोकं ज्याच्या घरी, त्याचा रुबाब काही वेगळाच! रिमोटची वायर इतकी अपुरी की टीव्हीला नाक लावून बसायचं, आणि कॅसेट लागली नाही की काढून तिच्यात फुंकर मारायची. दादानं आठवडाभर हौस केली, मग शिफ्टमधून त्याला सवड होईना. माझा गेममधला माणूस तर सुरू होताच मरायचा. एका दुपारी वहिनीनं पदराला हात पुसत विचारलं, "मी बघू?" ...आणि खेळ तिचा झाला.

शिडीवर चढणारा एक बुटका माणूस, भिंतीमागून भिंत, प्रत्येक भिंतीत एक दार. एवढाच तो खेळ. पण एरवी चार शब्द न बोलणारी ही नवी सून त्या माणसाला चक्क शिव्या घालायची. "मेल्या, तिकडं सरक ना! डोळं फुटलं का?" मी हसून लोळायची. शुक्रवारी आजूबाजूचे कापडाचे लूम बंद असायचे, व्होल्टेज पुरं यायचं, चित्र हलायचं नाही. म्हणून शुक्रवार तिचा. दाराशी दादाची चप्पल वाजली की रिमोट माझ्या मांडीवर टाकून ती चहा ठेवायला पळायची. खेळू नकोस असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. खेळतेस का, असंही कुणी विचारलं नव्हतं.

त्या मशीनमध्ये खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. बंद केलं की सगळं पुसलं गेलं. उठायचं असेल तर पॉज दाबायचं, टीव्ही बंद करायचा आणि खोकं तसंच चालू ठेवायचं. एका शुक्रवारी ती शेवटच्या दारापर्यंत पोचली. सोनेरी दार, आणि वर चक्क निळं आकाश, जे आधीच्या एकाही भिंतीवर नव्हतं. तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. तेवढ्यात पाहुणे आले. पॉज करून ती भाकऱ्या थापायला गेली. आईचा हात ॲडॉप्टरला लागला, चटका बसला. "घर पेटवाल गं बायांनो!" म्हणत तिनं बटण बंद केलं. आईचं तरी काय चुकलं? तो खरंच तापला होता. वहिनी पिठाच्या हातानं बाहेर आली, बघितलं, म्हणाली, "बरं केलंत, आई."

पुन्हा तिनं रिमोट हातात घेतला नाही. मी पुष्कळ विनवलं. "परत पयल्यापासून? न्हाय वो ताई..." मग मुलगा झाला, आईनं अंथरूण धरलं, पुढं पूर्ण्याच्या गोदामात पॅकिंगची ड्युटी. जिथं तिच्या माहेरची भातं डोलायची, तिथंच ती दिवसभर उभी राहून खोकी चिकटवायची.

तर, तिनं विचारलं म्हणून मी मोबाइलवर शोधायला बसले. कुणीतरी तो खेळ पुरा खेळून त्याचा व्हिडिओ टाकला होता. सापडल्यावर मला केवढा आनंद झाला! मी फोन तिच्यापुढं धरला. सोनेरी दार उघडलं, आणि समोर पहिलीच भिंत. तीच शिडी, खाली तोच बुटका माणूस.

"परत तीच?"

"हो वहिनी. संपतच नाही तो. बनवलाच आहे तसा."

मला वाटलं ती हसेल, त्या मेल्याला एखादी शिवी घालेल. ती रडली. आईच्या मयतीलाही कामात बुडालेली वहिनी माझ्यासमोर पहिल्यांदा रडली. "आईंनी बंद केला म्हणून ऱ्हायलं असं वाटायचं मला," ती म्हणाली. "मला वाटायचं, तिकडं कायतरी हाय..." मी तिचा हात धरून बसले. भेटायला येणारे म्हणतात, सुटली बिचारी. मला तसं म्हणवत नाही.

मागच्या आठवड्यात दादा माळा आवरत होता. त्यानं ते खोकं खाली काढलं, फडक्यानं पुसलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

"शैला, हा तुझा गेम. काय वेडी होतीस तू याच्यापायी! मी कधी पण घरी येऊ दे, रिमोट आपला तुझ्याच हातात. घेऊन जा."

"तो वहिनीचा आहे, दादा. तीच खेळायची."

दादा हसला. ती गेल्यापासून पहिल्यांदाच हसला.

"काहीतरीच काय," तो म्हणाला. "तिला कुठं येत होतं?"