जिजींनी पाहिलेलं मस्कत

कुणाच्याही घरी गेल्या की जिजी बैठकीत बसत नसत. चपला दारात काढायच्या, पदर खोचायचा आणि सरळ स्वयंपाकघर गाठायचं. मागून घरातली बाई "अहो, बसा ना इकडे" म्हणत राहायची, पण तोवर जिजींनी मांडणीवरच्या डब्यांची झाकणं उघडून पाहिलेली असत.

"खुर्च्या समदासकडे सारख्याच ऱ्हातस," त्या म्हणायच्या. "चूल दखाड."

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. त्याचा राग येतो, आणि चार दिवस ते आलं नाही की चुकल्यासारखं होतं.

शहाद्याच्या आमच्या गल्लीत आम्ही राहायला आलो, त्याच दिवशी जिजींनी माझी ओळख करून घेतली, ती अशीच. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. खोकी अजून सुटायची होती. जिजी आत आल्या, वरच्या फळीकडे पाहून म्हणाल्या, "बाई, पिठाना डबा खाले ठेव. रोज कितला येळ चढशी?" आणि खुर्चीवर चढून स्वतःच तो डबा खाली घेतला. नाव-गाव नंतर विचारलं.

त्यांचं माहेर गुजरातच्या सीमेवरचं खापर, सासर कळसाडी. कपाशी आणि उसाची शेती होती. नवरा गेल्यावर शेत वाट्याने दिलं आणि मुलाने शहाद्यात बांधलेल्या घरात त्या एकट्या राहू लागल्या. मुलगा दुबईत. तो आईला जिजी म्हणायचा, म्हणून सगळी गल्ली जिजी म्हणायची.

एकदा आम्ही दोघी एका लग्नाला धडगावला निघालो होतो. घाटात जीप बंद पडली. आम्ही बाकीचे उतारू दगडांवर बसून ड्रायव्हरला दोष देत होतो. जिजी दिसेनात. बऱ्याच वेळाने वरच्या टेकाडावरच्या एका झोपडीतून त्या उतरताना दिसल्या. हातात भाजलेली मक्याची कणसं.

"त्यासनी दाणानी कनगी बांबूनी शे," मला एक कणीस देत त्या म्हणाल्या, "वरथून शेण लिपेल शे. आपलाकडे अशी नही ऱ्हात."

"त्या बाईंची भाषा येते तुम्हाला?" मी विचारलं.

"कनगी देखाले भाषा कसाले जोयजे?"

अशा जिजींसोबत मी आणि आमचे हे मस्कतला जाऊन आलो, ते त्यांच्या मुलामुळे. दुबईहून सुटणाऱ्या एका मोठ्या जहाजाची सहल त्याने आईसाठी ठरवली. त्याला रजा नव्हती, म्हणून सोबत आम्हाला बोलावलं. बंदरावर आम्हाला सोडायला आला तेव्हा त्याने मला बाजूला घेतलं.

"मॅडम, वर्षभर सांगतोय तिला, कायमची इकडे ये म्हणून. तिकडे एकटी असते, जीव टांगणीला असतो माझा. ती हो म्हणत नाही, नाही पण म्हणत नाही. तुमच्याशी बोलेल. बघा काय चाललंय तिच्या मनात."

मी बघते म्हणाले. पण जहाजावर जिजींच्या मनात दुसरंच चाललं होतं. एवढ्या माणसांचं जेवण शिजतं कुठे, ते त्यांना पाहायचं होतं. जेवणाच्या हॉलमधल्या पोराला त्यांनी तीन वेळा विचारलं. तो हसून मान हलवायचा आणि आणखी एक पुडिंग आणून ठेवायचा.

"येवढं मोठं जहाज," जिजी पुडिंगकडे न पाहता म्हणाल्या, "अन चूल दखाडतस नही."

मी मुलाचा विषय काढून पाहिला. त्या समुद्राकडे बघत म्हणाल्या, "देखू."

मस्कतला जहाज लागलं. समोर उघडे, तपकिरी, खडबडीत डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशी पांढरी घरं. सातपुड्याचं सगळं झाड-झुडूप कुणी खरवडून काढावं, तसे ते डोंगर दिसत होते. बसने आम्हाला आधी मोठ्या मशिदीत नेलं. जिजींनी डोक्यावरून पदर घेतला, पायाखालचा गालिचा वाकून हाताने चाचपला. गाइड झुंबराचं कौतुक सांगत होता. जिजींनी मला हळूच विचारलं, "आठे झाडू कोन मारस?" मी ते हिंदीत गाइडला विचारलं. तो पुन्हा झुंबराकडे वळला.

मग राजवाडा. निळ्या-सोनेरी खांबांसमोर सगळे फोटो काढत होते.

"मधमा जाता येस का?" जिजींनी विचारलं.

"नाही हो. बाहेरूनच पाहायचा."

"मंग आपन कसाले उनूत?"

शेवटी बस बंदराजवळच्या जुन्या बाजारात आली. इथे मोकळा वेळ होता. त्यानंतर चालतच जहाजावर परतायचं होतं. गल्लीवर छप्पर, दोन्ही बाजूंना कापडं, खंजीर, अत्तरं, आणि सगळीकडे ऊद जळल्याचा धूर. मी मुलीसाठी ओढणी पाहत होते. जिजी शेजारच्या उदाच्या दुकानासमोर उभ्या राहून एक एक खडा नाकाशी नेत होत्या आणि माझ्याशी मोठ्याने बोलत होत्या. आत पांढरा पायघोळ झगा आणि कशिद्याची टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी मान वर केली.

"केम छो, बेन?"

जिजींचा चेहरा उजळला. खापरच्या माणसाला गुजराती काही परकी नाही. दोघांचं सुरू झालं. ते पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच, पण घरात कच्छीसारखी बोली, आणि बायको कच्छातल्या मांडवीहून लग्न होऊन आलेली. हे ऐकल्यावर जिजींनी काय विचारलं असेल, ते तुम्हाला सांगायला नको.

"तमारू घर क्यां छे?"

आमचे हे घड्याळ दाखवू लागले. "जिजी, जहाज सुटेल."

"येवढं मोठं जहाज, ते काय गुपचूप पळी जाई?"

म्हाताऱ्याला गंमत वाटली असावी. दुकान नोकराकडे सोपवून तो उठला. मागच्या दोन बोळांतून वळून आम्ही एका कोरीव दाराशी आलो. त्याने आत हाक दिली. ह्यांना त्याने बैठकीत गादीवर बसवलं, समोर खजूर आणि कावा, म्हणजे तिथली बिनदुधाची कॉफी, ठेवली. आम्ही दोघी आत गेलो.

स्वयंपाकघर लहानसं होतं. गॅसवर भाताचं मोठं पातेलं, खिडकीत वाळलेले मासे, आणि ओट्याजवळ स्टुलावर बसून कांदा चिरणारी एक गोरी, ठेंगणी म्हातारी. अनोळखी बायका बघून ती जरा बावरली. जिजींनी गुजरातीत हाक मारताच तिने सुरी खाली ठेवली.

मग झाकणं उघडली गेली. एका डब्यात काळं, सुपारीएवढं, टणक काहीतरी होतं. जिजींनी ते हुंगलं. "अगं बाई, हाई ते वाळाडेल लिंबू शे." ते आमटीत टाकतात, असं म्हातारीने सांगितलं. दुसऱ्या डब्यात बाजरीचं पीठ निघालं आणि दोघींना बोलायला विषयच मिळाला. म्हातारीने गोळा घेऊन दोन्ही तळव्यांमध्ये फिरवत रोटला थापला. जिजींनी परात मागितली आणि आपल्या पद्धतीने थापून दाखवला. तो तव्याच्या कडेबाहेर गेला. म्हातारी तोंडाला पदर लावावा तशी ओढणी लावून हसली.

तो भाजला जात असताना जिजींनी विचारलं, "अहियां गमे छे?" म्हणजे इथे करमतं का.

म्हातारीने रोटला उलटला. मग ती सांगू लागली. नवी आली तेव्हा भाषा येत नव्हती. दिवसभर गच्चीवर जाऊन बसायची. बंदरातून गलबत निघालं की वाटायचं, हे मांडवीला चाललं. सासू खाली बोलवायची, ही उतरायची नाही. एके दिवशी शेजारची बलुची सून मीठ मागायला आली आणि बसलीच. एकीचं बोलणं दुसरीला कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ही तिच्याकडे गेली. "पछी," म्हातारी म्हणाली, "गच्चीवर जायला वेळच मिळेना."

"एटले गमे छे?" जिजींनी पुन्हा विचारलं.

"गमे छे," म्हातारी म्हणाली. "रोज नथी गमतुं." रोज करमतं असं नाही.

जिजींच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. उत्तर इतकं सरळ मिळेल, असं त्यांना वाटलं नसावं. बाहेरून ह्यांची हाक आली, तेव्हा म्हातारीने मूठभर वाळकी लिंबं कागदात बांधून त्यांच्या हातात दिली.

परत जाताना आम्ही अक्षरशः पळालो. जिजी साडी वर धरून आमच्या पुढे. जहाजाचा जिना ओढायच्या तयारीत असलेल्या माणसांनी आम्हाला हाताने घाई करत आत घेतलं. आमचे हे जेवणापर्यंत धुसफुसत होते.

संध्याकाळी डेकवर जिजी आपणहून म्हणाल्या, "बाई, मन्हा पोऱ्या मले बलावस. तठे बंद दारं शेतस. मी कोना घरमा जासू?" एवढ्या दिवसांनी मला त्यांची अडचण समजली. त्यांना परदेशाची भीती नव्हतीच.

दुबईत मुलाच्या फ्लॅटवर आलो, तेव्हा त्याने पुन्हा विषय काढला. त्याला उत्तर द्यायचं सोडून जिजींनी विचारलं, "समोर कोन ऱ्हास?"

"माहीत नही व जिजी."

"कितला वरीस व्हयनात तुले आठे?"

उत्तराची वाट न बघता जिजी उठल्या, दार उघडून पलीकडे गेल्या आणि घंटी दाबली. मुलगा "जिजी, आठे असं चालत नही" म्हणत मागे धावला, मीही गेले. दार उघडलं. कडेवर बाळ घेतलेली एक तरुण बाई. इजिप्तची, हे नंतर कळलं. जिजींनी आपल्या दाराकडे बोट केलं, मग मुलाकडे, मग छातीवर हात ठेवला. त्या बाईने बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं. मग एक पाऊल मागे सरकून तिने दार पूर्ण उघडलं. जिजींनी चपला काढल्या आणि आत गेल्या.

आम्ही दोघं बाहेर उभे. मुलाचा चेहरा लाल झाला होता. "काय बोलत असेल ती?" तो म्हणाला. आतून बाळ खिदळल्याचा आवाज आला.

बऱ्याच वेळाने जिजी बाहेर आल्या. "तिन्हाकडे बी वाळाडेल लिंबू शे," त्या म्हणाल्या.

त्या वर्षी कापूस घरात आल्यावर त्यांनी शहाद्याचं घर एका बँकवाल्या कुटुंबाला भाड्याने दिलं. पितळी भांडी गल्लीत वाटली. माझ्या वाट्याला परात आली. मुलगा गाडी घेऊन न्यायला आला. सामान चढवून झालं तरी जिजी माझा हात धरून फाटकाशी उभ्या होत्या.

"करमनं नही ते येसू मी परत," त्या म्हणाल्या.

"या," मी म्हणाले.

त्यानंतर दोन उन्हाळे गेले. जिजी आलेल्या नाहीत. आमचे हे म्हणतात, म्हणजे करमतंय त्यांना तिकडे. गल्लीत कुणी विचारलं की मीही तसंच सांगते.