हौदाच्या महालातलं मुकं लग्न

आमच्या घरात नियमच आहे, की मला लग्नात पहिल्या पंगतीला बसवायचं नाही. का, तर मी जेवताना किस्से सांगत बसतो आणि मागची पंगत खोळंबते! आता ह्यात माझा काय दोष? पाच वर्षं लग्नांच्या फिल्मा काढत नगर जिल्हा पालथा घातलेला माणूस मी. एक किस्सा काढला की त्याचं शेपूट धरून दुसरा येतो. त्यातही सगळ्यांत जास्त साठलेत ते एकाच लग्नाचे. मोठ्या दुष्काळातलं लग्न होतं ते.

आधी माणसं सांगतो. आम्ही तिघंच. अण्णा म्हणजे नगरच्या स्टुडिओचे मालक. कॅमेरा हातात असला की गोगलगाय, नसला की जमदग्नी. शौकतभाई उजेडाचं बघायचे. बोलणं कमी, बिडी जास्त. आणि मी मूळचा पाट्या रंगवणारा पेंटर. फिल्मच्या सुरुवातीला 'शुभविवाह' रंगवायला अण्णांनी मला घेतलं, आणि आठवड्याच्या आत कॅमेऱ्याचा स्टँडही माझ्याच खांद्यावर आला!

कॅमेरा चावीचा. चावी पिळली की अर्धा मिनिट चालणार, मग पुन्हा पिळायची. आवाज टिपायची सोय नाही, फिल्म मुकी. रिळं मिळायची मारामार. धुवायला मुंबईला पाठवायची, आणि काय आलं नि काय गेलं ते महिन्यानं कळायचं.

आणि जागा? मिरजगावच्या अलीकडं आत वळलं की माळावर एक महाल होता. निजामशाहीतल्या कुणा सरदारानं बांधलेला, वर नंतरच्या पिढीनं इंग्रजी थाटाची माडी चढवलेली. पुढं दगडी हौद, एवढा मोठा की लोक त्याला हौदाचा महालच म्हणायचे. आम्ही टेम्पोतून पहाटे उतरलो तेव्हा माळावर धूळ तरंगत होती आणि त्या धुळीत महाल नुसता वरचा अर्धाच दिसत होता. शौकतभाई बिडी पेटवायची विसरले. मला अजून तो महाल स्वप्नात तसाच दिसतो, खालचा अर्धा नसलेला.

* * *

लग्नाचा सगळा कारभार काकासाहेबांकडं, म्हणजे नवरीच्या चुलत्यांकडं. माणूस सरळ, पण रीत म्हणजे रीत. चहा देतानाच म्हणाले, "कुठंही काढा फिल्म. माडीवर तेवढं जायचं नाही."

आणि तासाभरात माडीवरूनच बोलावणं आलं! गजराबाई म्हणून घरातली जुनी बाई होती, तिनं अण्णांना आणि मला मागच्या जिन्यानं वर नेलं.

खोलीत नवरीची आई बसलेली. सगळे त्यांना वहिनीसाहेब म्हणायचे. त्यांचे मालक जाऊन तीन वर्षं झालेली. विधवा बाईनं कार्यात यायचं नाही, हळदीला हात लावायचा नाही, अक्षता टाकायच्या नाहीत, अशी तेव्हा चाल. आज सांगताना लाज वाटते, पण खरं सांगतो, त्या दिवशी आम्हाला त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं.

त्या खोलीची खिडकी मागच्या चिंचांकडं उघडायची. तिथून लग्नातलं काही म्हणजे काही दिसणार नव्हतं.

"एकुलती एक आहे माझी सुमी," त्या म्हणाल्या. "तिचं लग्न मला दिसायचं नाही. तुमच्या यंत्रातून दाखवाल?"

अण्णा एवढंच म्हणाले, "दाखवतो, आईसाहेब."

जिना उतरताना मला म्हणाले, "पेंटर, आज फिल्म बिघडली तर मी स्टुडिओला कुलूप घालीन!"

* * *

झालं, हळदीपासून सुरुवात केली. अण्णांनी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि सगळ्या बायका जागच्या जागी दगड झाल्या!

लोकांना फोटो माहीत. फोटोत हलायचं नसतं, हेही माहीत. एकीचा हळदीचा हात नवरीच्या गालापाशी, एकीचं तोंड ओवीसाठी उघडलेलं, ते तसंच! कॅमेरा खर्रर्र करत चाललाय, फिल्म चाललीये, आणि समोर कुणी श्वाससुद्धा घेईना.

अण्णा ओरडले, "अहो हला! हलणारा फोटो आहे हा!"

कुणी हललं नाही. हलली ती एक आत्याबाई. तिनं ते इतकं मनावर घेतलं, की पुढं दिवसभर कॅमेरा दिसला की ती जागच्या जागी डोलायची. जेवताना डोलली, पाया पडताना डोलली. पुढं वरपक्षाकडं फिल्म दाखवली तेव्हा तिथल्या एकानं मला हळूच विचारलं, "आत्याबाईंच्या अंगात येतं का हो?"

* * *

लग्न लागायचं होतं आतल्या दगडी दालनात. बाहेर उन्हाचा वणवा, आत गारवा, पण अंधार असा की आपला हात आपल्याला दिसेना. वीज नाही. माझं तर डोकंच फिरलं. मी म्हणालो, "शौकतभाई, काळ्या मांजराचं लग्न काढायचं का आता?"

त्यांनी बिडी विझवली, "आईना लाव" एवढं म्हणाले आणि सायकलवर टांग मारून गेले.

गावातल्या न्हाव्याचे दोन मोठे आरसे, शिंप्याचा एक, महालातल्या कपाटाचा एक, असे चार आरसे जमवले. पहिला दारात. त्यानं ऊन धरायचं आणि दुसऱ्याला द्यायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. ऊन कोपऱ्याकोपऱ्यावर वळत वळत दालनात आलं आणि दगडी कमानी एकदम उजळल्या. त्या कमानींवरची फुलं घरच्यांनीसुद्धा तोवर पाहिली नव्हती!

पण न्हावी म्हणाला, "आरसा देतो, पर आरशाबरुबर मी येनार." त्याचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर बसलेलं. ते म्हणालं, "मंग मी काय असाच बसू व्हय?" तेही आलं! बिचाऱ्याची उरलेली दाढी दालनाच्या दारात झाली. फिल्ममध्ये तो दोनदा दिसतो. एकदा अर्ध्या दाढीचा, एकदा चकाचक.

* * *

हौद मात्र ठणठणीत कोरडा. काकासाहेबांना ते टोचत होतं. वरबाप साखर कारखान्याचे डायरेक्टर. काकासाहेब म्हणाले, "फिल्ममध्ये कोरडा हौद दिसला तर पाहुणे काय म्हणतील? चार टँकर मागवतो!"

गजराबाई तिथंच झाडत होती. ती ताठ उभी राहिली. "मालक, गावातल्या बाया दोन घागरींसाठी कोसभर जात्यात, आन् तुमी फोटूला पानी पाजताय व्हय?"

काकासाहेबांची मान खाली गेली. मी म्हटलं ना, माणूस सरळ होता.

तेव्हा शौकतभाई म्हणाले, "एक परात पानी द्या बस." परातीच्या तळाशी आरसा ठेवला, परात हौदाच्या काठावर उन्हात ठेवली आणि पाण्यात एक बोट हलवत बसले. समोरच्या सावलीतल्या भिंतीवर उजेडाच्या लाटा उठल्या. भिंतीवर, कमानीवर, माडीच्या कठड्यावर, सगळीकडं पाणीच पाणी हलत होतं. दुष्काळात होरपळलेली माणसं काठावर बसून ते खोटं पाणी बघत राहिली. एक म्हातारबा तर पाय सोडून बसले होते.

फिल्म पाहिल्यावर डायरेक्टरसाहेब म्हणाले, "काय हो, एवढं पाणी तुम्हाला मंजूर कुणी केलं?" परातीतलं पाणी आम्ही त्याच दिवशी म्हशीला पाजलं होतं!

* * *

वऱ्हाड आलं आणि नेमकी तेव्हाच कॅमेऱ्याची चावी उतरली. अण्णांनी हात जोडले, "साहेब, तेवढं वेशीपासून पुन्हा येता का?"

वरबापांचा पारा चढला. "पुन्हा? आम्ही काय नाटकमंडळी वाटलो?" मग जरा विचार केला आणि म्हणाले, "येतो. पण पुन्हा यायचं तर पुन्हा पाय धुतले पाहिजेत, पुन्हा ओवाळलं पाहिजे, पुन्हा सरबत!"

दिलं सगळं. दुसऱ्या वेळी घोडी बुजली. तिसऱ्या वेळी अण्णा काही बोललेच नाहीत, वरबाप आपण होऊनच परत फिरले. सरबत त्यांना फार आवडलं होतं.

* * *

आता मुहूर्ताची गंमत ऐका. गंमत आता म्हणायची, तेव्हा आमचा जीव टांगणीला होता.

शेवटचं रीळ, अर्ध्या मिनिटाची चावी, आणि अक्षता पडायचा क्षण एकच. तो वहिनीसाहेबांसाठी मिळालाच पाहिजे. भटजींनी कबूल केलेलं, की शेवटच्या मंगलाष्टकाआधी मी खोकतो. ते खोकले, अण्णांनी कॅमेरा सुरू केला, आणि नवरदेवाचे मामा खिशातून कागद काढून पुढं झाले! मामा शाळामास्तर. मंगलाष्टक स्वतः रचलेलं. त्यात दोन्हीकडच्या नातेवाइकांची नावं, कुणी म्हणून कुणी वगळलेलं नाही.

चावी संपली. अण्णा घाम पुसत पुन्हा पिळू लागले. मामांचा कागद संपला. अण्णा तयार. मामांनी दुसरा कागद काढला!

शेवटी एकदाचं "सावधान" झालं. अंतरपाट खाली आला, अक्षतांचा पाऊस पडला, आणि दारातला बँड असा काही वाजला की दालन दणाणलं. अण्णांचा डोळा कॅमेऱ्याला, पण कॅमेऱ्याची खर्रर्र काही ऐकू येईना. तो चालतोय की बंद पडलाय, त्यांनाच कळेना. नंतर पाहिलं तर चावीच्या खाचेत अक्षतेचा तांदूळ अडकलेला. तो कधी अडकला, आधी की नंतर, देव जाणे.

उरलेल्या फिल्मवर अण्णांनी पंगत काढली, पण पंगतीला बसले नाहीत. माडीकडंही त्यांनी मान वर करून पाहिलं नाही.

महिन्याभरानं मुंबईहून पार्सल आलं. अण्णा रीळ खिडकीशी धरून भिंगातून बघत राहिले. बराच वेळ गेला. मग म्हणाले, "पेंटर, चहा सांग." संतापलेले अण्णा कधी चहा सांगत नसत. मी खाली पळत गेलो आणि तीन चहा सांगितले.

* * *

फिल्म दाखवली महालाच्या तळघरात. भर दुपारी तिथं काळोख आणि माठासारखा गारवा. जनरेटर बाहेर लावला, भिंतीला पांढरं धोतर बांधलं. काकासाहेब, घरची माणसं, भटजी, गजराबाई, माहेरपणाला आलेली सुमी, सगळे बसले. वहिनीसाहेब पार मागं, खांबाच्या आडोशाला. सिनेमाला बसू नये असं काही शास्त्रात नव्हतं.

फिल्म मुकी ना! दोन मिनिटं सगळे गप्प बसले. मग हळदीचं चित्र आलं आणि गजराबाईनं ओवी धरली. बायकांनी उचलली. वऱ्हाड आलं तर कुणीतरी तोंडानंच बँड वाजवला. अंतरपाट दिसला तशी मुलं ओरडली, "भटजीबुवा, म्हणा की!" भटजींनाही चेव आला. उपरणं सावरून त्यांनी खड्या आवाजात मंगलाष्टक म्हटलं आणि बरोबर वेळेवर "शुभमंगल सावधान!"

पडद्यावर अक्षता पडल्या. आणि आमच्या डोक्यावरून, मागून, खरे तांदूळ आले आणि धोतरावर टपटपले.

सगळे वळले. वहिनीसाहेब उभ्या होत्या. हात अजून पुढंच, मूठ उघडी, पदरात बांधलेल्या तांदळाची गाठ सुटलेली. आपण काय केलं हे त्यांना तेव्हा कळलं असावं. त्या मटकन खाली बसल्या आणि त्यांनी पदर तोंडावर ओढला.

मशीन तेवढं चालू होतं. अण्णांनी बंद केलं नाही.

काकासाहेब उठले. मला वाटलं, आता संपलं. ते भटजींकडं वळले.

"भटजी," ते म्हणाले, "एक मंगलाष्टक राहिलंय ना?"

भटजींनी पडद्याकडं पाहिलं. तिथं हार घालून झाले होते, पंगत बसली होती, वरबाप बुंदी वाढा म्हणून खुणा करत होते.

"हो, राहिलंय की," भटजी म्हणाले.

"गजराबाई, तांदळाचं ताट आणा. वहिनींच्या हातात द्या. सुमे, तू पुढं उभी राहा."

सुमी डोक्यावर पदर घेऊन धोतरापुढं जाऊन उभी राहिली. सगळी पंगत तिच्या साडीवर जेवत होती. भटजींनी मंगलाष्टक सुरू केलं.