ठाण्याहून आणलेला आवाज

१९५६ साल, दिवाळीआधीचा शनिवार. रक्कम आठ आणे. हजर चौघे: शेजारच्या आजी, त्याच दिवशी तुरुंगातून सुटून आलेला त्यांचा मुलगा, मी आणि वरच्या मजल्यावरचे ते गृहस्थ.

आजींना दिसत नसे. म्हणून हे गृहस्थ दरमहा मुलुंडहून ठाण्याच्या तुरुंगात जाऊन मुलाला भेटत. भाड्याचे आठ आणे आजी देत. एरवी ते पुटपुटत बोलत, पण निरोप सांगताना हुबेहूब मुलाचा आवाज काढत. "आये, जेवलंस मां गो?" भिंतीअलीकडे मला मुलगाच घरी आल्यासारखं वाटे. मग तांब्याभर पाणी प्यायल्यावरच त्यांचा स्वतःचा आवाज परत येई.

तुरुंगातल्या चार वर्षांत मुलाचा खरा आवाज घोगरा झाला होता.

"आये, मीच गो."

आजींनी त्याचा चेहरा चाचपला आणि हात झटकन मागे घेतला. "ह्यो कोण मेलो? माझो झील असो बोलता काय?"

मग कनवटीचे आठ आणे काढून त्यांनी गृहस्थांपुढे धरले. "पुढच्या म्हयन्यात जावन ये रे. तेका सांग, तुझी आवस वाट बघता."

गृहस्थांनी मान हलवून नकार दिला. तेव्हा मुलानेच ते आठ आणे घेऊन त्यांच्या खिशात घातले आणि हळूच म्हणाला, "घ्या काका. काय सांगायचं ते मी सांगतो तुम्हाला."