न्यायला यायचं नाही!

किस्से कोणी ठरवून साठवत नाही. ओट्याखालच्या एका पिशवीत बाकीच्या पिशव्या कोंबत जावं आणि एक दिवस दार उघडल्यावर सगळ्या अंगावर याव्यात, तसं त्यांचं असतं. आमच्या ग्रुपचं तेच झालंय. नाव 'उतारू मंडळ', मुक्काम डोंबिवली पूर्व. दर रविवारी सकाळी मराठे सरांच्या हॉलमध्ये आम्ही जमतो. सगळ्यांची मुलं नाहीतर भाचे-पुतणे परदेशात आणि मंडळाचा नियम एकच: विमानतळावर मुलांनी न्यायला यायचं नाही! त्यांच्या रजा आधीच मोजक्या. त्यातली एक आपल्याला गाडीत घालून घरी नेण्यात कशाला घालवायची? उतरल्यापासून पुढे ट्रेन, बस, ट्राम, जे असेल त्याने आपलं आपण घर गाठायचं. रस्ता आधी इथे बसून पाठ करायचा.

हे सगळे किस्से यंदा पुन्हा बाहेर निघाले ते सुमनमुळे. सुमन माझी शेजारीण, एकाच मजल्यावरची. नवरा जाऊन तिला दीड वर्ष झालं. तो होता तोवर ती ठाण्यालासुद्धा एकटी गेली नव्हती. तिकीट त्याच्या खिशात, पिशवी त्याच्या हातात आणि ही त्याच्या मागे दोन पावलं. तिची मुलगी दीपाली जर्मनीत. आठवा महिना लागला आणि डॉक्टरांनी दीपालीला सांगितलं, पलंगावरून उठायचं नाही. तिला तसं सोडून जावयाने फ्रँकफर्टच्या विमानतळापर्यंत जाणं शक्यच नव्हतं. नातेवाईक म्हणाले, "ओळखीचं कोणीतरी शोधू, ते आणतील तुला घरी." सुमन म्हणाली, "नको." आणि त्या रविवारी माझ्याबरोबर मंडळात आली. चप्पल काढता काढताच म्हणाली, "मला एकटीने जायला शिकवा. महिना आहे हातात."

मग काय! प्रत्येकाने आपापली फजिती बाहेर काढली.

*

सुरुवात माझ्यापासून. मुलाकडे इंग्लंडला गेले होते. विमानतळावरून ट्रेन घेतली, उतरले, बस स्टॉपही सापडला. सगळं कसं वहीत लिहिल्याप्रमाणे! स्टॉपवर मी एकटीच. मी आपली शहाण्यासारखी खांबाशेजारी उभी. बस आली आणि समोरून निघून गेली. मला वाटलं, भरलेली असेल. दुसरी आली, तीही गेली. आता मात्र मला राग आला. बाई नवीन आहे, साडीत आहे, म्हणून थांबत नाहीत की काय?

शेवटी कुत्रं फिरवायला आलेल्या एका आजोबांनी हात पुढे करून दाखवला. तिथे बसला हात केला नाही तर ती थांबत नाही!

मुलाला सांगितलं तर तो पोट धरून हसला. "आई, डोंबिवलीत जाणाऱ्या प्रत्येक रिक्षाला हात करतेस आणि इथे येऊन केलाच नाहीस?"

"अरे, इथले लोक सुधारलेले म्हणून मी हात आवरून धरलेला!"

*

दळवींचा किस्सा सगळ्यांत जुना. दळवी म्हणजे एमआयडीसीतल्या कंपनीत तीस वर्षं काढलेला माणूस, आवाज अजून मशीन चालू असल्यासारखा. आमच्याकडे मुंबईला जायचं तर काही लोक आधी उलटे कल्याणला जातात आणि त्याच गाडीत बसून परत येतात. याला 'रिटर्न' म्हणतात. फायदा एवढाच की बसायला मिळतं. दळवींनी हे आयुष्यभर केलेलं.

मुलाकडे पहिल्यांदा गेले तेव्हा विमानतळाच्या स्टेशनवर पोचले. मुलाचं स्टेशन डावीकडे, फक्त दोन स्टॉप. दळवींनी हिशोब केला, इतका मोठा विमानतळ, गाडी भरूनच येणार. ते बॅगा घेऊन उजवीकडच्या गाडीत चढले. एक स्टेशन मागे जायचं, जागा धरायची आणि यायचं!

ते एक स्टेशन निघालं चाळीस मिनिटांवर. येताना पुन्हा चाळीस. दोन्ही वेळा डब्यात दळवी धरून माणसं सहा!

घरी सून काळजीने म्हणाली, "बाबा, एवढा वेळ? उभं राहावं लागलं का हो?"

दळवी छाती पुढे काढून म्हणाले, "छे! दोन्ही वेळा खिडकी!"

*

मराठे सर भूगोलाचे शिक्षक, निवृत्त होऊनही तास घेतात. त्यांच्या कागदावर सगळं मिनिटात असतं. बॅग मिळणे, अठरा मिनिटं. शौचालय, चार मिनिटं. असा कागद घेऊन ते झुरिकला पुतणीकडे गेले. कागदाप्रमाणे गाडी दहा बाराची. सर दहा वाजता फलाटावर हजर.

दहा पाचला एक गाडी आली आणि उभी राहिली. दारं उघडी, आत शांतता, पाटीवर पुतणीच्या गावाचं नाव. सर हलले नाहीत. आपली गाडी दहा बाराची, म्हणजे ही तिच्या आधीची, उशिरा आलेली! उशिराच्या गाडीत चढायचं नाही, ती पुढे अजून रखडते, हा त्यांचा कल्याणचा अनुभव. सात मिनिटं सर उघड्या दारासमोर बॅग धरून उभे राहिले. बरोबर दहा बाराला दारं मिटली आणि त्यांची गाडी त्यांच्या डोळ्यांदेखत गेली.

सुमनने विचारलं, "सर, तुमच्या कागदात चूक होती का?"

"कागद अचूक होता," सर गंभीरपणे म्हणाले. "गाडी वेळेवर असेल, ही शक्यता मी धरलीच नव्हती!"

सुमनने हे वहीत लिहून घेतलं. ती सगळंच लिहून घ्यायची. हसायची, पण पेन थांबायचं नाही.

*

दळवींचा दुसरा किस्सा त्यांच्या बायकोने सांगितला, ते समोर असताना! दुसऱ्या खेपेला दोघं बरोबर गेली. मुलगा आता दुसऱ्या गावी राहायला गेलेला. गाडी रिकामी, वहिनी बॅगांपाशी आरामात बसल्या. दळवींना चैन पडेना. "पुढचा डबा जिन्यासमोर येतो, मी पुढे जाऊन बघतो," म्हणून ते चालत चालत पार पहिल्या डब्यात गेले.

आता तिकडे काही गाड्या मध्येच एका स्टेशनवर दोन तुकड्यांत सुटतात. पुढचे डबे एका गावाला, मागचे दुसऱ्या. डब्यावर लिहिलेलं असतं, पण जिना शोधणारा माणूस डबा कशाला वाचेल?

वहिनी बॅगांसकट मुलाच्या दारात उभ्या राहिल्या. मुलगा घाबरला. "आई, बाबा कुठे आहेत?"

"येतील. पुढच्या डब्यात आहेत."

बाबा तीन तासांनी आले. वहिनी तेव्हा जेवून झोपलेल्या!

*

तिसऱ्या रविवारी सर म्हणाले, "थिअरी पुरे. प्रॅक्टिकल घेऊ." ठाणे स्टेशन म्हणजे फ्रँकफर्टचा विमानतळ. कल्याण म्हणजे मानहाइम, कारण तिथे सुमनला गाडी बदलायची होती. आणि टिटवाळा म्हणजे दीपालीचं गाव. सुमनच्या बॅगेत तेवीस किलो तांदूळ भरले. नियम असा की आम्ही चौघं दहा पावलं मागे राहणार, बोलायचं नाही, मदत करायची नाही. "सुमनताई, तुम्ही आम्हाला ओळखत नाही," सरांनी बजावलं.

दुपारची वेळ, स्टेशनवर फारशी गर्दी नव्हती. ठाण्याहून कल्याणला ती बरोबर उतरली. फलाटावरची पाटी वाचली, लिफ्ट शोधली. आम्ही खांबाआडून बघतोय. ती थांबली की आम्ही थांबायचो, ती निघाली की आम्ही निघायचो. ती एकदा चुकीच्या जिन्याकडे वळली तेव्हा मी ओरडणारच होते, वहिनींनी माझं तोंड दाबलं.

हे सगळं एक महिला पोलीस बघत होती. तिने दळवींना अडवलं. "काय हो, त्या बाईच्या मागे का लागलाय मघापासून?"

दळवी आपल्या आवाजात म्हणाले, "अहो मॅडम, आमच्याच आहेत त्या! जर्मनीला चालल्यायत!"

"टिटवाळ्याच्या फलाटावरून?"

तिने सुमनला हाक मारली. "मावशी, या लोकांना ओळखता का?"

सुमनने आम्हा चौघांकडे एकेक करून बघितलं. "नाही!" म्हणाली आणि आलेल्या टिटवाळा गाडीत बॅग ढकलून चढली.

आम्हाला सुटायला अर्धा तास लागला. सर मात्र खुशीत होते. "पास!"

*

ती निघाली त्या दिवशी रविवारच होता. विमान तिकडे सकाळी उतरणार, म्हणजे आपल्याकडे अकराच्या सुमारास. आम्ही सरांच्या हॉलमध्ये. पोहे कोणी खाल्ले नाहीत. शिकवताना हसलो खरं, पण बाई खरंच एकटी होती आणि पलीकडे मुलगी पलंगावर पडून वाट बघत होती.

पहिला मेसेज, "उतरले." टाळ्या! दुसरा, "ट्रेनमध्ये बसले." सर कागदावर खूण करत होते. तिसरा, "मानहाइम. लिफ्ट सापडली." दळवी नाचायचेच बाकी होते.

आणि मग काही नाही.

तिथून सुमनची गाडी वीस मिनिटांत होती. वीस झाली, चाळीस झाली. फोन वाजायचा, ती उचलायची नाही. सर कागद उलटासुलटा करत बसले. तेवढ्यात दीपालीचाच फोन मला आला. "काकू, आई फोन उचलत नाहीये. स्टेशनवरून येणारी बस येऊन गेली, खिडकीतून बघितलं, आई त्यात नव्हती. जीव राहत नाही हो, मीच उठून स्टॉपपर्यंत जाऊन बघते."

"खबरदार उठलीस तर!" मी एवढ्या जोरात ओरडले की दळवी दचकले. "ती येते म्हणालीय ना? मग येणार! नवऱ्याला स्टॉपवर उभा कर आणि तू आडवी हो आधी!"

फोन ठेवला आणि मला रडूच फुटलं. वहिनी पाठीवरून हात फिरवत होत्या. पुढचा एक तास माझ्या आयुष्यातला सगळ्यांत लांब तास.

मग व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर पलंग, पलंगावर आडवी दीपाली आणि तिच्या उशाशी सुमन. स्वेटर उलटा घातलेला, हातात चहाचा मग.

"अगं होतीस कुठे?" मी किंचाळले. "एवढा उशीर?"

"माझी गाडी सोडली मी," सुमन शांतपणे म्हणाली. "एक बाई भेटली मानहाइमला. सत्तरीची असेल. चष्मा पडून फुटलेला, तिकीट हातात, बोर्ड दिसेना. रडायच्या बेतात. भाषा कुठे येते आपल्याला! मी तिच्या तिकिटावरचं नाव बोर्डावर शोधलं, एकेक अक्षर जुळवून. मग तिची बॅग एका हातात, माझी दुसऱ्या हातात. फोन कसा उचलणार? तिला फलाटावर नेलं, गाडीत बसवलं, शेजारच्या माणसाला तिचं तिकीट दाखवून खुणेने सांगितलं, हिला इथे उतरव. मग पुढच्या गाडीने आले."

"कोण होती? आपल्याकडची होती का?"

"छे गं, तिथलीच! गोरी!"

"मग तिला तिच्याच देशात तू कशाला पोचवायचंस?"

"अगं, पहिल्यांदाच एकटी निघालेली दिसत होती बिचारी," सुमन चहाचा घोट घेत म्हणाली. "आपलं ठीक आहे, आपल्याला सवय आहे!"